नाकाचे माप आणि रक्ताचा दाखला



यंदा जयंतीच्या तयारीच्या बैठका सुरू असताना आमच्या भुसावळच्या अभ्यासगटाच्या व्हॉट्सॲपवर एकाच आठवड्यात दोन संदेश फिरत आले. पहिला आपल्याच एका कार्यकर्त्याने टाकला होता : अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून सिद्ध केले आहे की ब्राह्मण विदेशी आहेत, आता वाद संपला. दुसरा कुणीतरी शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवरून उचलून आणला होता : डीएनए तपासणीत सगळे भारतीय एकच निघाले, म्हणजे जात ही इंग्रजांनी लावलेली भांडणे, मग आता आरक्षण कशाला? दोन्ही संदेश एकमेकांच्या विरुद्ध, पण दोघांच्या शेवटी शब्द तेच : सिद्ध झाले आहे. कोणी सिद्ध केले, कुठे केले, किती माणसांवर केले, याचा दोन्हींत पत्ता नाही.

रविवारी विहारात बैठक झाली तेव्हा यावर बराच आरडाओरडा झाला. बारावी सायन्सला असलेली आमची एक ताई तोवर गप्प बसून होती. ती म्हणाली, "दादा, उद्या कुठल्या डीएनएने उलटंच सांगितलं, की आपणच कमी आहोत, तर आपण ते मान्य करायचं का?"

कोणालाच उत्तर सुचले नाही. त्या एका प्रश्नासाठी आम्ही पुढचे दोन महिने वाचत होतो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत. काहींना ते आवडणार नाही, याची कल्पना आहे.

पहिली गोष्ट ही की हा प्रश्न डीएनएपेक्षा जुना आहे. डीएनए नव्हता तेव्हा त्याच्या जागी नाक होते. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज आयसीएस अधिकारी १८८० च्या दशकात बंगालमध्ये माणसांची नाके आणि डोकी मोजू लागला. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले १००. या आकड्याला नासिका निर्देशांक म्हणतात. तो ७० च्या खाली आला तर नाक धारदार, ८५ च्या वर गेला तर बसके, मधले ते मध्यम. रिस्लेने जातवार सरासरी काढली आणि जणू निसर्गाचा नियम सापडल्यासारखे जाहीर केले की ज्या जातीचे नाक जितके रुंद तितकी तिची सामाजिक पायरी खालची. म्हणजे जात हा वंश झाला, आणि वंश नाकावर दिसू लागला. हाच रिस्ले पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्या जनगणनेत जातींची उतरंड लावायचा उद्योग झाला, आणि १९०८ साली त्याचे भारतातील लोकांवरचे जाडजूड पुस्तक आले. मनुस्मृतीला जे श्लोकात सांगावे लागले ते आता आकड्यांत सांगता येत होते.

हा निर्देशांक नेमका काढतात कसा, हे आम्ही करून पाहायचे ठरवले. भुसावळ हे रेल्वेचे गाव. इथे हत्यारे मागायला लांब जावे लागत नाही. गटातले एक काका फिटर म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी घरून व्हर्निअर कॅलिपर आणला. एका मुलाचे नाक दोघांनी वेगवेगळे मोजले आणि दोघांचे आकडे वेगळे आले. नाकाची उंची मोजायची तर नाक सुरू कुठे होते? भुवयांमधल्या खळग्यात, की त्याच्या खाली? एकाने इथून धरले, दुसऱ्याने तिथून. मुलाला हसू आले तर नाकपुड्या पसरल्या आणि रुंदी वाढली. काका म्हणाले, इंजिनाचा भाग असा मोजला असता तर साहेबाने परत पाठवला असता. हसण्यावारी गेले, पण विज्ञानाचा पहिला धडा तिथेच मिळाला. आकडा आहे म्हणून तो खरा नसतो. मोजणारा कोण, मोजायची रीत काय, आणि दुसऱ्याने मोजले तर तेच येते का, हे आधी विचारावे लागते.

दुसरा धडा सरासरीचा. दोन जातींच्या नाकांच्या सरासरीत थोडा फरक निघाला तरी प्रत्येक जातीच्या आत बसकी नाके असतात आणि धारदारही असतात. एकाच घरात दोन भावांची नाके सारखी नसतात. सरासरी हा गटाचा हिशोब आहे, त्यावरून समोरच्या माणसाची जात ओळखता येत नाही. आणि तिसरा धडा, जो रिस्लेने स्वतःला कधी विचारलाच नाही : नाक रुंद असण्याचे दुसरे काही कारण असू शकते का? १९२३ साली थॉमसन आणि बक्स्टन या दोघांनी जगभरच्या मापांवरून दाखवले की नाकाची ठेवण तापमान आणि हवेतल्या ओलाव्याबरोबर बदलत जाते. थंड, कोरड्या हवेत नाके अरुंद, उष्ण, दमट हवेत रुंद. मग नाक वंश सांगते की हवामान?

रिस्लेला घरचा आहेर मिळाला तो मुंबई विद्यापीठातून. गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे, यांनी १९३२ साली जात आणि वंश या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यात आधी जमवलेली डोक्याची, नाकाची मापे पुन्हा तपासली. घुर्ये काही आपल्या बाजूचे नव्हते. आदिवासींना मागासलेले हिंदू ठरवणारे तेच. पण त्यांनी आकडे लपवले नाहीत. उत्तर हिंदुस्थानात, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतात, उतरंड आणि मापे काहीशी जुळत होती. बाकी ठिकाणी नाही. तिथल्या ब्राह्मणाची मापे त्याच्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्यांना जवळची निघाली. चुहडा म्हणजे तिकडची सफाईकाम करणारी, अस्पृश्य मानलेली जात. आणि आपल्या मराठी मुलुखात? देशस्थ ब्राह्मण चित्पावनांना जेवढा जवळचा, तेवढाच सोनकोळ्यांना जवळचा निघाला. त्यानंतर महार आणि कुणबी, दोघे बरोबरीने. शेणवी ब्राह्मण आणि वरच्या जातीचा मराठा त्यांच्याही मागून. गावात विहिरीचा क्रम वेगळा आणि कॅलिपरचा क्रम वेगळा.

बाबासाहेबांनी हेच आकडे हाती घेतले. १९४८ साली आलेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांच्यासमोर एक गृहीतक होते, जे त्या काळचे मोठमोठे विद्वान मानत होते : अस्पृश्य हे वेगळ्या, जिंकलेल्या वंशाचे लोक, म्हणून ते अस्पृश्य झाले. बाबासाहेबांनी ते भावनेने झिडकारले नाही. त्यांनी विचारले की हे खरे असेल तर आपल्याला काय दिसायला हवे? ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापे वेगळी दिसायला हवीत. दिसतात का? घुर्यांचे तक्ते समोर ठेवून त्यांनी दाखवले की दिसत नाहीत. आणि इथे त्यांनी एक 'जर' वापरला आहे, तो आम्ही पहिल्या वाचनात निसटू दिला होता. त्यांचे म्हणणे असे की मोजमापाचे हे शास्त्र जर विश्वास ठेवण्याजोगे असेल, तर त्याच शास्त्राने ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. त्या शास्त्राची हमी त्यांनी स्वतःकडे घेतली नाही. विरोधकाच्या मापाने विरोधकाचाच दावा तपासला आणि तो पडला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. एका पुराव्यावर इमारत उभी करायची नाही म्हणून त्यांनी दुसरा, अगदी वेगळ्या जातीचा पुरावा आणला : कुळे आणि देवके. महाराष्ट्रातल्या मराठ्यांची कुळे पाहा आणि महारांची पाहा. एकाकडे असलेले कूळ दुसऱ्याकडे नाही असे क्वचितच सापडते, हे त्यांनी नोंदवले. पंजाबात जाट आणि चांभारांचे तेच. खानदेशात राहणाऱ्याला हे सांगायलाच नको. कुठल्याही शाळेचा हजेरीपट काढा. सोनवणे, मोरे, पवार, साळुंखे यांतला बौद्ध कोणता, मराठा कोणता, कोळी कोणता, भिल्ल कोणता, हे नुसत्या आडनावावरून सांगून दाखवा. म्हणूनच तर लोक "म्हणजे नक्की कोणते सोनवणे?" असे विचारतात.

ही दृष्टी बाबासाहेबांना मिळाली कुठे? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. वय २५. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआस त्याच विद्यापीठात. बोआस यांनी थोड्याच वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरित कुटुंबांतल्या सुमारे १८,००० माणसांची मोजणी करून दाखवले होते की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांपेक्षा वेगळी होते. ज्या कवटीला लोक वंशाचा कायमचा शिक्का समजत होते ती एका पिढीत बदलत होती. अशा वातावरणात बाबासाहेबांनी जातीची व्याख्या केली ती नाकावरून नाही, रंगावरून नाही, रक्तावरून नाही. जातीतल्या जातीत लग्न, हे जातीचे मूळ. गोत्राबाहेर पण जातीच्या आत. हा नियम टिकवायचा तर गटात पुरुष किंवा स्त्री जास्त उरता कामा नये, म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून लहान मुलीचे लग्न. आधी नियम आला, त्या नियमाने गट बंद केला.

याच सुमारास जर्मनीत एका मराठी बाईने असेच काही केले, ते आपल्याकडे फार कोणाला ठाऊक नाही. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. हे फिशर पुढे नाझींच्या वंशशास्त्राचे आधारस्तंभ झाले. त्यांची अपेक्षा होती की युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतरांहून वेगळ्या तऱ्हेने असमान निघेल आणि त्यातून त्याची बुद्धी वरचढ ठरेल. कर्वेंनी १४९ कवट्या मोजल्या. तसे काही निघाले नाही, आणि तसे निघाले नाही असेच त्यांनी लिहिले. ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्या गुरूच्या विरोधात, परक्या देशात. कर्वे जन्माने आणि लग्नाने ब्राह्मण, त्यांच्या पुढच्या लिखाणाशी आमचे मतभेद पुष्कळ आहेत. पण या १४९ कवट्यांपुढे आम्ही मान झुकवतो. पुढे १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना छापली. शरीराची मापे, रक्तगट, बोटांचे ठसे. आठही गट एकाच पायरीचे, पण शरीराने एकमेकांपासून लक्षणीय वेगळे निघाले. 'ब्राह्मण रक्त' असे एक रक्त ब्राह्मणांतच सापडेना.

आता त्या पहिल्या संदेशाकडे येऊ. तो ज्या संशोधनावरून निघाला ते २००१ सालचे आहे, मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांचे. ते खोटे नाही. पण ते झाले आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यात, तेलुगू बोलणाऱ्या आठ जातींतल्या २६५ पुरुषांवर. त्यात महाराष्ट्रातली एकही जात नाही. त्यांनी मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या. एक, आईकडून लेकरांना मिळणारा मायटोकॉण्ड्रियाचा डीएनए. दुसरी, बापाकडून मुलाला मिळणारे वाय गुणसूत्र. वरच्या जातींत वाय गुणसूत्रे सरासरीने युरोपकडच्या माणसांशी जास्त जुळली, आईकडचा डीएनए आशियाई. एवढे ते सांगते.

पण दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे पूर्वज होतात १,०२४. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाचीच गोष्ट सांगते, बापाच्या बापाच्या बापाची. मायटोकॉण्ड्रिया दुसऱ्या एकीची. उरलेल्या १,०२२ जणांचे काय? वीस पिढ्या मागे गेलात तर कागदावरचे पूर्वज दहा लाखांवर जातात. त्यांतल्या एकाकडे बोट दाखवून "तू विदेशी" म्हणायचे असेल तर मग मनूने काय वेगळे केले होते? त्यानेही एका बापावरूनच माणूस ठरवला.

पुढच्या संशोधनांनी सगळा जीनोम पाहिला. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले लालजी सिंह आणि थंगराज यांनी डेव्हिड राइश यांच्यासोबत २५ समूह तपासले. मुख्य भूमीवरचा जवळजवळ प्रत्येक समूह दोन जुन्या लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेला निघाला. उत्तरेकडच्या पूर्वजांचा वाटा कुठे ३९ टक्के, कुठे ७१ टक्के. शून्य कुठेच नाही, शंभरही कुठेच नाही. २०१९ मध्ये प्राचीन हाडांमधल्या डीएनएवरची संशोधने आली. त्यांच्यावरून इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशाकडून लोक आले हे बऱ्यापैकी पक्के झाले आहे, आणि उत्तरेतल्या काही पुरोहित जातींत त्यांचा वाटा सरासरीने जास्त आहे. हेही लपवायचे कारण नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली 'हू वेअर द शूद्राज' मध्ये आर्य बाहेरून आले हा सिद्धांत नाकारला होता. त्यांच्यासमोर तेव्हा वेदांचे शब्द होते, हाडांतला डीएनए नव्हता. त्या मुद्द्यावर नवा पुरावा वेगळे बोलतो, असे म्हणताना आमची जीभ अडखळत नाही. आपल्या अस्पृश्यतेवरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःच सांगितले आहे की तुटलेले दुवे तर्काने जोडावे लागले, आणि आपले म्हणणे तपासून घ्यावे. तपासू नका असे ते कधी म्हणाले? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त परक्या आर्यांची मांडणी केली, ती त्या काळच्या विद्वानांचे हत्यार त्यांच्यावरच उलटवण्यासाठी. ७५ वर्षांनी बाबासाहेबांनी ते हत्यार बाजूला ठेवले, कारण त्यांना त्याहून भक्कम सापडले होते.

दुसऱ्या संदेशाचा समाचार याच संशोधनात आहे. सगळे मिसळलेले आहेत हे खरे, पण मिसळणे थांबले कधी? पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथल्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला की वरच्या जातींत बाहेरच्यांशी होणारी सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी बंद झाली. म्हणजे साधारण दीड हजार वर्षे, गुप्तांचा काळ. इंग्रज तेव्हा कुठे होते? जात इंग्रजांनी आणली म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. जात रक्तातून आली नाही, पण जातीने रक्ताला कुंपण घातले, आणि त्या कुंपणाची तारीख आज प्रयोगशाळेत काढता येते. १९१६ चा निबंध लग्नाच्या नियमाबद्दलच बोलत होता.

इथे आमच्यातल्या काहींचा उत्साह वाढला. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या सुमारास धरला होता, डीएनएही गुप्तकाळच सांगतो, म्हणजे बाबासाहेब डीएनएने सिद्ध! बॅनर तयार करायची भाषा सुरू झाली. ती आम्हीच थांबवली. बाबासाहेब अस्पृश्यतेबद्दल बोलत होते, हे संशोधन जातीबाहेरची सरमिसळ थांबण्याबद्दल बोलते. दोन गोष्टी शेजारच्या आहेत, एक नाहीत. काळ जवळ येतो हे विचार करायला लावणारे आहे, पण आपल्याला आवडणारा निष्कर्षही त्याच गाळणीतून गाळावा लागतो. बॅनर झाले नाही. दोघेजण अजून नाराज आहेत.

आणि त्या ताईचा प्रश्न? उद्या उलटे निघाले तर? त्याचे उत्तर १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये सापडले. बाबासाहेब तिथे मान्य करतात की माणसे सारखी नसतात. शरीराचा वारसा वेगळा, आईबापांकडून मिळालेले शिक्षण आणि संधी वेगळ्या, स्वतःचे कष्ट वेगळे. तरीही ते म्हणतात की माणसांना समान वागवणे हेच समाजाला चालवता येईल असे तत्त्व आहे. म्हणजे आपला हक्क त्यांनी प्रयोगशाळेच्या निकालावर टांगून ठेवलाच नव्हता. आपण कुठून आलो हे जीवशास्त्र सांगू शकते. पाणवठ्यावर कोणी यायचे, हे जीवशास्त्राला विचारायचा प्रश्नच नाही. महाडला पाणी पिताना कोणी नाक मोजून घेतले नव्हते. ब्राह्मण विदेशी ठरले म्हणून आपल्याला हक्क मिळत नाहीत, आणि ते इथलेच ठरले म्हणून त्यांच्या व्यवस्थेला माफी मिळत नाही.

मग डीएनए आपल्या कामाचा नाही का? आहे, पण दुसरीकडे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी या दोघांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत हा आजार घरोघरी ठाऊक आहे. आमच्या इथून उत्तरेला बघितले की सातपुडा दिसतो, तिथल्या भिल्ल, पावरा पाड्यांवरही तो आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, दोन वाहकाची, एक मोकळ्या मुलाची. एकट्या वाहकाला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकले. आफ्रिकेत तेच, अरबस्तानात तेच. जातीच्या पापपुण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण जातीतल्या जातीत लग्न करत राहिले की दोन वाहक समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. बोटातले थेंबभर रक्त काढून पहिली चाचणी होते. लग्नाआधी पत्रिका बघणारी घरे आपल्यातही आहेत, हे बोलायला अवघड जाते, पण आहेत. ही चाचणी किती घरे करतात?

आता अभ्यासगटात पुढचा रविवार त्यासाठी ठेवला आहे. ताईने सरकारी दवाखान्यात जाऊन चौकशी केली आणि नावे लिहायला वही घातली. पहिले नाव फिटर काकांच्या नातवाचे आहे, ज्याचे नाक आम्ही मोजले होते.

पहिला संदेश टाकणाऱ्या कार्यकर्त्याला आम्ही विचारले होते : कुठल्या जिल्ह्यातल्या, किती माणसांवर? त्याने उत्तरादाखल तोच संदेश पुन्हा पाठवला. खाली लिहिले होते, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.